नळी तीच, गोळी रोज वेगळी

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट हाताला कळते. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, आणि त्यात सरकणारा पिस्टन यांच्यातील फट जास्त झाली, तर तेल मागे निसटते आणि दाब बसत नाही. ती फार कमी झाली, तर पिस्टन अडकतो किंवा ओरखडे पाडत सरकतो. पेंटबॉल खेळणाऱ्यांना सतावणारा ‘कोणत्या गोळीला कोणती नळी’ हा प्रश्न मुळात याच फटीचा आहे. फरक इतकाच की येथे पिस्टनच्या जागी रंगाने भरलेली जिलेटिनची मऊ गोळी असते, जी कोरड्या सकाळी एका मापाची असते आणि दमट संध्याकाळी दुसऱ्या मापाची. फिटर ज्या खात्रीने ड्रॉइंगवरचे माप वाचतो, त्या खात्रीने गोळ्यांच्या खोक्यावरचे माप वाचता येत नाही, आणि बहुतेकांची चूक नेमकी तेथेच होते.

गोव्याला किंवा बंगळूरला सहलीला गेल्यावर एखाददुसरा डाव खेळलेल्यांना या खेळाची तोंडओळख असेल. मार्कर नावाची, कॉम्प्रेस्ड हवेवर चालणारी गन असते; तिच्या डोक्यावर गोळ्यांचे भांडे, म्हणजे हॉपर, बसवलेले असते; चाप ओढला की एक गोळी मागच्या पोकळीत उतरते, बोल्ट नावाचा सरकता दांडा तिला पुढे ढकलून नळीच्या तोंडाशी बसवतो आणि मागून सोडलेली हवा तिला बाहेर फेकते. अंगावर गोळी फुटून रंग लागला की खेळाडू बाद. ही गोळी जन्माला आली ती खेळासाठी नव्हे. अमेरिकेतील वनखात्याच्या लोकांना तोडायची झाडे दुरून खुणावता यावीत आणि पशुपालकांना कळपातील जनावरांवर खूण करता यावी, म्हणून ती तयार झाली होती. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील एका रानात बारा जणांनी ती एकमेकांवर झाडली आणि तेथून हा खेळ सुरू झाला असे मानले जाते. गोळीचे कवच बनवण्याची पद्धत मात्र औषधाच्या कारखान्यातली आहे. माशाच्या तेलाची किंवा ई जीवनसत्त्वाची जी मऊ कॅप्सूल आपण गिळतो, तिचीच ही मोठी बहीण: जिलेटिनचे दोन अर्ध एकमेकांना चिकटवून बनवलेले कवच आणि आत मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा, पाण्याने धुऊन जाणारा दाट द्रव व रंग. या जन्मकथेतील एक बाब पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे, ती म्हणजे जिलेटिन हा हवेतील ओलावा शोषणारा पदार्थ आहे.

आता मापांकडे वळू. नेहमीच्या खेळातील गोळीला ‘६८ कॅलिबर’ म्हणतात, म्हणजे तिचा व्यास नावापुरता ०.६८ इंच, अर्थात १७.२७ मिलिमीटर असतो. ‘नावापुरता’ हा शब्द येथे जाणून वापरला आहे. प्रत्यक्षात बाजारातील गोळ्या साधारण ०.६७५ पासून ०.६९० इंचापर्यंत कोठेही भरतात. पूर्वीच्या गोळ्या या पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे असत आणि अलीकडच्या बहुतांश खालच्या टोकाकडे झुकलेल्या आहेत. नळ्यांचे बोअरही असेच निरनिराळे असतात. भाड्याने मिळणाऱ्या साध्या मार्करची नळी बहुधा सैल बाजूला, ०.६९० इंचाच्या आसपास असते, कारण कोणतीही गोळी न अडकता जावी एवढीच मैदानचालकाची अपेक्षा असते. हौशी खेळाडू मात्र नळीच्या मागच्या भागात बदलता येणाऱ्या पातळ स्लीव्ह वापरतात. डिझेल इंजिनात लायनर बदलतात तसाच हा प्रकार आहे. एका प्रसिद्ध संचात अशा आठ स्लीव्ह असतात आणि त्यांचे बोअर ०.६७९ पासून ०.६९५ इंचापर्यंत, म्हणजे १७.२५ पासून १७.६५ मिलिमीटरपर्यंत, दोन-तीन हजारांश इंचांच्या पायऱ्यांनी वाढत जातात. एक हजारांश इंच म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून नळीच्या आत नेमके काय घडते ते आधी पाहू.

गोळीचे वजन सुमारे तीन ग्रॅम असते आणि ती नळीबाहेर पडताना सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वेगात असते. त्यासाठी लागणारी ऊर्जा केवळ बारा ज्यूलच्या घरात आहे. हवेचा जोर नळीच्या पहिल्या वीस सेंटिमीटरमध्ये लागतो असे धरले, तर ढोबळ हिशेबाने गोळीच्या मागे सरासरी अडीच बारहून थोडा अधिक दाब पुरतो. मोटारीच्या टायरमध्ये असते त्याहून किंचित जास्त एवढीच ही हवा आहे. मार्करला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरवरच्या गेजवर दिसणारे भले मोठे आकडे पाहून ज्यांना वाटते की गोळीमागे प्रचंड जोर आहे आणि थोडी हवा निसटली तरी चालेल, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. हा दाब गोळीवर सरासरी सहा किलो वजनाइतका रेटा देतो, आणि तोही सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरताच. तेवढ्या वेळात त्या इवल्याशा मऊ गोळीला तिच्या स्वतःच्या वजनाच्या दोन हजार पटीने रेटले जाते. ती थोडी चपटी होत असणार, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

समजा गोळी ०.६८४ इंचाची आहे आणि नळी ०.६९३ इंचाची. दोन्हींत फरक नऊ हजारांश इंचांचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाव भागाहूनही कमी. पण ही फट गोळीच्या सर्व बाजूंनी कड्यासारखी पसरलेली असते आणि त्या कड्याचे एकूण क्षेत्रफळ सव्वासहा चौरस मिलिमीटर भरते. दुसऱ्या शब्दांत, पिस्टनला मधोमध जवळजवळ तीन मिलिमीटर व्यासाचे आरपार भोक पाडून मग सिलिंडर चालवण्यासारखे हे आहे. हायड्रॉलिकच्या कामात कोणी असे केले, तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावणार नाहीत. तीच गोळी ०.६८७ च्या नळीत घातली, तर हे काल्पनिक भोक पावणेदोन मिलिमीटरच्या आत येते आणि निसटणाऱ्या हवेची वाट एक-तृतीयांशावर येते.

सैल नळीचा पहिला तोटा हवेची नासाडी हा आहे: तोच वेग मिळवण्यासाठी दाब वाढवावा लागतो आणि सिलिंडर लवकर संपतो. दुसरा तोटा याहून महत्त्वाचा आहे. खोक्यातील प्रत्येक गोळी सारखी नसते. एखादी दोन हजारांश मोठी, एखादी दोन हजारांश लहान, शिवाय जोडाच्या रेषेमुळे प्रत्येक गोळी किंचित लांबट. सैल नळीत प्रत्येक गोळीभोवतीची फट वेगळी, म्हणून निसटणारी हवा वेगळी, म्हणून वेगही वेगळा. बोअर गोळीच्या मापाचा किंवा त्याहून थोडा लहान असला, की गोळी स्वतःच नळीच्या भिंतीला टेकते आणि तो रस्ता जवळपास बंद होतो; मग गोळ्यांमधील लहानमोठेपणाचा परिणाम बराच दबून जातो. तिसरा तोटा अगदी साधा आहे. गोळी परत मागे किंवा पुढे घरंगळू नये म्हणून मागच्या पोकळीत डिटेंट नावाचे छोटे अडसर असतात. ते झिजलेले असतील आणि नळीही सैल असेल, तर मार्करचे तोंड खाली झुकवताच गोळी हळूच नळीत पुढे निसटते, मग चाप ओढल्यावर कधी दोन गोळ्या एकदम जातात, तर कधी नुसतीच हवा फुसकन सुटते. पडवीत कळकाच्या नळीत कच्चे फळ ठासून फटफट आवाज काढण्याचा खेळ ज्यांनी लहानपणी केला असेल, त्यांना सैल फळाने आवाज का होत नसे हे आठवत असेल. येथेही तेच घडते.

मग सगळ्यांनी घट्ट नळीच का वापरू नये? काही खेळाडू तसे मुद्दाम करतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. घट्ट नळीत हवा वाया जात नाही, वेग एकसारखा राहतो, आणि गोळी चांगली असेल तर ती मऊ कवचामुळे दबून निघूनही जाते. मात्र ही ‘चांगली असेल तर’ची अट जड आहे. कवच कोरडे पडून ठिसूळ झालेले असेल, गोळीवर चपटा भाग आलेला असेल, किंवा नळीत मातीचा एक कण असेल, तर घट्ट बसलेली गोळी नळीतच फुटते आणि पुढच्या दहा गोळ्या त्या रंगाच्या थरावरून घसरत, वाटेल त्या दिशेने जातात. सैल नळी चुका पोटात घालते; घट्ट नळी त्या चव्हाट्यावर आणते. माझे मत असे की भाड्याच्या, कोणत्या महिन्यात बनल्या हे न कळणाऱ्या गोळ्या वापरणाऱ्याने घट्टपणाच्या नादी लागू नये. बोअर गोळीइतका किंवा तिच्याहून एक-दोन हजारांश मोठा ठेवणे हेच त्याच्या फायद्याचे आहे.

वेगातील सातत्य म्हणजे नेमके किती, आणि त्याने मिळते काय, याचा एक अंदाज करता येतो. मैदानावर वेग फूट प्रति सेकंदात मोजण्याची पद्धत आहे आणि मर्यादा बहुधा २८० ते ३०० फूट अशी असते, म्हणजे ८५ ते ९१ मीटर. गोळी हलकी आणि गोल असल्याने हवेचा अडथळा तिला फार लवकर थकवतो. चाळीस मीटर अंतर कापेपर्यंत तिचा निम्म्याहून अधिक वेग गेलेला असतो आणि ती दोन मीटरच्या आसपास खाली आलेली असते. अशा वेळी दोन गोळ्यांच्या वेगात दहा फूट प्रति सेकंदाचा फरक असेल, तर चाळीस मीटरवर त्यांच्या उंचीत चौदा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. बंकरच्या, म्हणजे मैदानातल्या आडोशाच्या, कडेवरून डोकावणाऱ्या मास्कवर नेम धरलेला असताना हा फरक लागणे आणि चुकणे यांच्यामधला असतो. वीस मीटरवर तोच फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे, कारण दुकानदार तो आनंदाने पसरवतात. नळी जुळवल्याने गोळी सरळ जात नाही. मार्करच्या नळीत रायफलीसारखे आटे नसतात, ती आतून गुळगुळीत असते. गोळी कशीही फिरत बाहेर पडते आणि त्या गिरकीमुळे हवेत डावी-उजवीकडे वळते. जोडाची रेषा उंच आलेली, अंडाकृती झालेली, आत रंग कमी भरलेली गोळी कोणत्याही नळीतून वाकडीच जाणार. बोअर जुळवल्याने वर-खाली होणारा विखुरलेपणा कमी होतो, हवा वाचते आणि नळीत फुटणे कमी होते. डावी-उजवीकडचा विखुरलेपणा कमी करायचा असेल, तर पैसे स्लीव्हच्या संचावर न घालवता चांगल्या, ताज्या गोळ्यांवर घालवावेत. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर मी डोळे झाकून गोळ्या घेईन.

ओलाव्याचा भाग आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. निपाणी भागात तंबाखू पिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की वाळलेले पान भर उन्हात हाताळले तर त्याचा चुरा होतो आणि तेच पान पहाटेच्या दवाने नरमले की वाकते, दुमडते, पण मोडत नाही. जिलेटिनचे कवच अगदी तसेच वागते. हवा कोरडी आणि थंड असेल, तर ते आकसते, कडक होते आणि हलक्या धक्क्याने तडकते. हवा दमट असेल, तर ते पाणी ओढून फुगते, मऊ पडते, हाताला चिकट लागते आणि शेवटी इतके नरम होते की समोरच्यावर आपटूनही न फुटता उडून पडते. पावसाळ्यात पापडाच्या डब्याचे झाकण उघडे राहिले की जे होते, तेच उघड्या पिशवीतल्या गोळ्यांचे होते. सीमाभागाचा भूगोल या बाबतीत फार कसोटी पाहणारा आहे. जेथे मलप्रभेचा उगम आहे त्या कणकुंबीच्या आणि जांबोटीच्या रानात जुलैमध्ये हवा अशी असते की वाळत घातलेला कपडा चार दिवस सुकत नाही. त्याच जिल्ह्यातील अथणीच्या माळावर मार्चमध्ये ओठ फुटतात. भालकी-बीदरकडेही उन्हाळा असाच कोरडा. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेली दोन खोकी या दोन ठिकाणी आठवडाभर उघडी ठेवली, तर त्यांतील गोळ्या एका स्लीव्हमधून सारख्या जातील अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

नळी मात्र या सगळ्यात जवळजवळ निर्दोष असते. ॲल्युमिनिअमची नळी वीस अंशांनी तापली, तरी तिचा बोअर आठ मायक्रॉनच्या आसपासच वाढतो, म्हणजे एका हजारांश इंचाचा तिसरा भाग. उन्हात नळी तापली म्हणून सैल झाली, असे मैदानावर कोणी सांगू लागला, तर त्याला गोळ्यांचे भांडे सावलीत ठेवायला सांगावे. मापात बदल होतो तो गोळीच्या.

यातूनच कामाची मुख्य रीत निघते. माप खेळाच्या दिवशी, खेळाच्या जागी, त्याच गोळ्यांचे घ्यायचे. त्याची सर्वांत सोपी पद्धत फुंकण्याची आहे. नळी मार्करपासून सोडवून घ्यावी. जोडलेल्या नळीला तोंड लावण्याचा प्रकार कोणीही, गंमत म्हणूनही, करू नये. नळी आतून कोरडी व स्वच्छ पुसावी, मागच्या टोकातून गोळी अलगद आत ठेवावी आणि नळी उभी धरावी. गोळी स्वतःच्या वजनाने घरंगळत दुसऱ्या टोकातून बाहेर आली, तर नळी त्या गोळीला सैल आहे. गोळी तेथेच थांबली आणि हलकी फुंकर मारताच, उदबत्ती विझवताना मारतो तेवढ्याच जोराने, निघून गेली, तर जोडी जमली. गाल फुगवून, छातीचा सगळा दम लावावा लागला, तर नळी घट्ट आहे. हे एका गोळीवर ठरवू नये, कारण ती नेमकी खोक्यातली सर्वांत जाडी निघण्याची शक्यता असते. निरनिराळ्या पिशव्यांतून दहा गोळ्या घ्याव्यात. त्यांतील सात-आठ सारख्या वागल्या, की ती स्लीव्ह त्या दिवसापुरती पक्की करावी. दहांपैकी चार घरंगळत असतील आणि तीन अडकत असतील, तर दोष नळीचा नाही, ते खोकेच खराब आहे आणि त्याला सैल नळी देऊन कसेतरी संपवणे एवढेच हाती उरते.

ज्यांना फुंकर मारणे अवैज्ञानिक वाटते, ते व्हर्निअर कॅलिपर काढतात. मऊ गोळीवर कॅलिपरचे जबडे जरा जास्त दाबले, की पाच-सात हजारांश इंच कोठे गेले ते कळत नाही. दोन माणसे एकाच गोळीची दोन मापे सांगतात आणि दोघेही प्रामाणिक असतात. त्यापेक्षा गो-नो-गो गेजची कल्पना येथे फार उपयोगी पडते. ॲल्युमिनिअमच्या एका पट्टीत १७.१५, १७.२५, १७.३५, १७.४५ आणि १७.५५ मिलिमीटरची पाच भोके बोअर करून घ्यायची, त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी नीट मोडून घ्यायच्या, नाहीतर धारेने कवच कापले जाते, आणि गोळी कोणत्या भोकातून आपोआप पडते व कोणत्यात अडते ते पाहायचे. ज्या दोन भोकांच्या मध्ये ती सापडते, तेथे तिचे माप आहे. आपल्याकडच्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे कटाईयंत्र, चालवणाऱ्याला हे अर्ध्या तासाचे काम आहे. माप ऐकल्यावर ‘काय बसवायचंय हो ह्यात?’ एवढा एक प्रश्न तो विचारील आणि उत्तर ऐकून हसेल. एकच गोळी दोन-तीन दिशांनी फिरवून पाहावी. एका दिशेने पडते आणि दुसऱ्या दिशेने अडते, असे झाले तर ती गोल नाही, हेही त्याच पट्टीवर कळते.

स्लीव्ह किती असाव्यात, याबद्दल माझे मत बाजाराच्या विरुद्ध आहे. खोक्यातील गोळ्यांमध्येच चार हजारांश इंचांचा फेर असताना दोन-दोन हजारांशांच्या आठ पायऱ्या बाळगण्यात हौसेचा वाटा मोठा आहे. ०.६७९, ०.६८४ आणि ०.६८९ या तीन स्लीव्हवर बहुतेक दिवस निभावतात: पहिली कोरड्या दिवसांत आकसलेल्या, लहान गोळ्यांसाठी, दुसरी नेहमीसाठी आणि तिसरी पावसाळी हवेत फुगलेल्या किंवा जुनाट गोळ्यांसाठी. दोन स्लीव्हमध्ये निवड अडली, तर कवच ठिसूळ वाटताना मोठी घ्यावी. कवचाची परीक्षा साधी आहे. गोळी गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर सोडावी. पहिल्याच पडण्यात फुटली तर कवच फार ठिसूळ आहे, आणि पाच-सहा वेळा चेंडूसारखी उडाली तर समोरच्याच्या अंगावरही ती फुटणार नाही.

नळीच्या लांबीबद्दल थोडक्यात. गोळीला हवेचा खरा उपयोग पहिल्या वीस सेंटिमीटरपर्यंतच होतो. त्यापुढे नळीला भोके असतात, जेथून उरलेली हवा हळूहळू बाहेर पडते आणि आवाज मऊ होतो. म्हणून मापाचा बोअर मागच्या भागातच असतो आणि पुढचा भाग मुद्दाम रुंद ठेवलेला असतो. बारा ते चौदा इंचांहून लांब नळी झुडपे बाजूला सारायला चांगली, वेग वाढवायला नाही.

स्लीव्ह बदलल्यावर एक गोष्ट टाळता येत नाही: क्रोनोग्राफ या वेगमापकावर वेग पुन्हा मोजणे. सैल नळीला दाब लावून २८५ फूट वेग बसवलेला असेल आणि तेवढ्याच दाबावर घट्ट स्लीव्ह घातली, तर हवा निसटणे थांबल्याने वेग वर चढतो आणि नकळत मर्यादेबाहेर जातो. अशा गोळीचा फटका अंगावर वळ उठवतो. मास्क चांगला नसेल, तर याहून वाईट. म्हणून मास्क एएसटीएम एफ १७७६ या, पेंटबॉलच्या मास्कसाठीच्या अमेरिकी मानकाचा असावा आणि मैदानात असेपर्यंत तो उतरवू नये. डाव संपला की नळीवर कापडी टोपी चढवावी. लहान मुलांसाठी हल्ली अर्ध्या इंचाच्या, म्हणजे ५० कॅलिबरच्या हलक्या गोळ्यांचे मार्कर मिळतात. त्यांच्या नळ्यांचे गणित तत्त्वतः असेच, पण स्लीव्हचे प्रकार फार थोडे असतात.

वेग घसरतो किंवा उड्या मारतो, तेव्हा दर वेळी नळीकडे बोट दाखवू नये. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणाऱ्या जुन्या मार्करमध्ये दाब हवामानावर ठरतो: वीस-एकवीस अंशांना तो सुमारे ८५० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) असतो आणि उन्हासोबत वाढत जातो, एकतीस अंशांच्या वर तर सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. बेळगावच्या हिवाळ्यात सकाळी चौदा-पंधरा अंशांवर जमवलेला वेग दुपारी तिशीच्या घरात वेगळाच निघाला, तर त्यात नवल काही नाही. कॉम्प्रेस्ड हवेच्या सिलिंडरला हा त्रास कमी, पण दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरमधील एखादा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, झिजला की तेथेही वेग वीस-वीस फुटांनी हलतो. अशा वेळी ओळखण्याची युक्ती आहे. दहा गोळ्या गेजच्या पट्टीतील एकाच भोकातून पडणाऱ्या, म्हणजे मापाने सारख्या निवडाव्यात आणि सारख्या अंतराने झाडून वेग लिहून काढावेत. तरीही आकडे विखुरले, तर रेग्युलेटर उघडायची वेळ झाली आहे. आकडे जवळ आले, तर दोष गोळ्यांच्या फरकात आणि फटीत होता.

गोळी फुटण्याच्या जागेवरूनही बरेच कळते. रंग मागच्या पोकळीत, बोल्टवर आणि हॉपरच्या तोंडाशी दिसला, तर अर्धवट उतरलेली गोळी बोल्टने कापली आहे. तेथे बोअरचा काही संबंध नाही, हॉपरमधून गोळ्या वेळेवर उतरत नाहीत एवढाच अर्थ. रंग मागे अजिबात नाही आणि फक्त नळीच्या आत, लांबवर पसरलेला आहे, तर नळीत फुटली. मग आधी नळी कोरड्या फडक्याच्या सळईने दोनदा पुसावी, भोकांमधला रंग काढावा, त्याच खोक्यातल्या दहा गोळ्यांची फुंकर परीक्षा पुन्हा घ्यावी आणि त्यानंतरच मोठी स्लीव्ह चढवावी. बहुतेक जण उलट क्रमाने जातात: स्लीव्ह आधी बदलतात, नळी पुसत नाहीत, आणि नवी स्लीव्हही फोडते असे म्हणत बसतात.

उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी पडतो, कारण गोळ्या लांबून मागवाव्या लागतात आणि एका रविवारी सगळे खोके संपत नाही. पिशवीतील हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बंद करावे आणि खोके घरातील कोरड्या, सावलीच्या कोपऱ्यात, पंचवीस अंशांच्या आत ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवू नये; थंडीने कवच ठिसूळ होते आणि बाहेर काढताच त्यावर दव धरते. दर तीन-चार दिवसांनी खोके उलटे करावे, म्हणजे खालच्या गोळ्या वरच्यांच्या वजनाने एकाच बाजूला चपट्या होणार नाहीत. पुढच्या खेळाच्या दिवशी खोके उघडल्यावर मागच्या वेळी कोणती स्लीव्ह लावली होती ते आठवत बसू नये. नळी सोडवावी आणि दहा गोळ्या बाजूला काढाव्यात.